चढाईपटू सुपरवायझर होतो तेव्हा मैदानावरून काय न्यावं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमधल्या तरुणाने विचारलं आहे. कालपर्यंत तो सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर ऑपरेटर होता, आता सुपरवायझर झाला. हाताखाली चौदा माणसं, त्यातली निम्मी वयाने मोठी. कॉलेजात तो कबड्डी खेळायचा, चढाईपटू होता. कंपनी नव्या सुपरवायझरांना इगतपुरीला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवणार आहे आणि तिथे खेळांतून मॅनेजमेंट शिकवणार आहेत. त्याचे प्रश्न तीन. खेळातून मॅनेजमेंट खरंच येतं का? येत असेल तर शॉपवर नेमकं काय करायचं? आणि दिवाळीनंतर कंपनीची क्रिकेट स्पर्धा आहे, त्यात कॅप्टन हो म्हणताहेत, तर होऊ का?

येतं, नक्की येतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मी आधी क्वालिटीत आणि नंतर सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात काम केलं आहे, आणि संध्याकाळी शाळेच्या मुलींना खो-खो शिकवते. दोन्हीकडची माणसं बऱ्याचदा त्याच जागी अडतात आणि त्याच रीतीने सुधारतात. फक्त एक लक्षात घ्या. सामन्यातून शिकण्यासारखं थोडं असतं, सरावातून भरपूर. शिबिरांत ऐकवतात त्या गोष्टी बहुतेक सामन्याच्या. २०११ च्या वर्ल्ड कप फायनलला धोनी युवराजच्या आधी फलंदाजीला उतरला आणि नाबाद ९१ करून आला, ही गोष्ट तुम्हाला इगतपुरीत हमखास ऐकायला मिळेल. गोष्ट खरी आहे आणि ऐकताना अजून अंगावर काटा येतो. पण समोर गोलंदाजी करणारा मुरलीधरन २००८ ते २०१० या काळात चेन्नईच्या संघात धोनीबरोबरच होता. त्याचा चेंडू धोनीने नेटमध्ये किती वेळा पाहिला असेल, विचार करा. वानखेडेवरच्या त्या पाच मिनिटांच्या निर्णयामागे तीन हंगामांची ओळख उभी होती. शिबिरात पाच मिनिटं सांगतात, तीन हंगाम राहून जातात. तुम्हाला हवेत ते तीन हंगाम.

आता तुमच्याकडे वळू. तुम्हाला बढती का मिळाली? हात चांगला म्हणून. मशीन अडली की तुम्ही सेटिंग लावून द्यायचात, माप बसवून द्यायचात. चढाईपटूचंही तसंच असतं, तीस सेकंदांत एकट्याने जायचं, गुण घेऊन यायचं, टाळ्या त्याच्या. आता सुपरवायझर झाल्यावर पहिली अडचण आली की तुमचे पाय आपोआप मशीनच्या कंट्रोल पॅनलकडे वळतील. ऑपरेटरला बाजूला करून तुम्ही ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकाल, मशीन सुरू होईल आणि सगळ्यांना बरं वाटेल. पण ऑपरेटर त्यातून एकच गोष्ट शिकेल: मशीन अडली की साहेबांना हाक मारायची. शिवाय तुम्ही त्या पॅनलवर वाकलेले असताना बाकीच्या मशीनकडे कोणाचंच लक्ष नसेल.

कबड्डीच्या कोचला सामना चालू असताना मैदानात पाऊल टाकता येत नाही. फार तर टाइमआउट मागेल, खेळाडू बदलेल. उजव्या कोपऱ्यातला पोरगा घाई करून चढाईपटूच्या पायावर झेपावतो आणि त्याच्या मदतीचा कव्हरवाला अजून आलेलाच नसतो, हे त्याला बाहेर बसून दिसतं, पण स्वतः जाऊन पाय धरता येत नाही. म्हणून जे काही करायचं ते त्याला आधी, सरावात करून ठेवावं लागतं. ही बंदी तुम्ही स्वतःवर घालून घ्या. आठवडाभर पॅनलला हात लावायचा नाही. अपघाताचा धोका असेल किंवा गाडी गेटवर डिस्पॅचसाठी उभी असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ऑपरेटरच्या शेजारी उभं राहायचं आणि विचारायचं: शेवटचा पीस कसा आला? इन्सर्ट (धातू कापणारं टोक) कधी बदललं? माप कोणत्या बाजूला सरकतंय? त्याला बोलू द्या. पहिले दोन दिवस मशीन जास्त वेळ बंद राहील, त्याची कल्पना वरिष्ठांना आधी देऊन ठेवा. आठवडा संपता संपता तोच माणूस तुम्हाला येऊन सांगेल, साहेब, माप वाढायला लागलं होतं, मी इन्सर्ट फिरवून घेतलं.

आता खो-खो. कारखान्यासाठी याहून कामाचा खेळ मला माहीत नाही, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत उलटं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्या संरक्षकाला मात्र सगळं मोकळं असतं. त्यामुळे कितीही वेगवान मुलगी असली तरी एकटीने कोणाला गाठू शकत नाही. आपल्या हातून गडी निसटतोय हे ओळखून तिला योग्य क्षणी खो द्यावा लागतो. नव्या मुलींना हे पटायला वेळ लागतो. प्रत्येकीला वाटतं, अजून दोन पावलं टाकली तर मीच बाद करीन.

आमच्या सरावात धावण्याइतकाच वेळ उठण्यावर जातो. मुलगी चौकोनात बसते, टाचा वर, एक पाय किंचित पुढे, बोटं जमिनीला टेकलेली, मान वळवून मागून येणाऱ्या पावलांचा अंदाज घेत. पाठीवर हात पडला आणि खो ऐकू आला की पहिलं पाऊल त्याच क्षणी पडलं पाहिजे. हात पडण्याआधी उठली तर फाउल. हात पडल्यावर ‘कुठे गेली?’ म्हणून बघत बसली तर संरक्षक दोन चौकोन पुढे. म्हणून बसलेलीने खेळ डोळ्यांनी चालूच ठेवायचा असतो. ती बसलेली दिसते, पण खेळात असते. एवढी एकच हालचाल आम्ही मावळतीपर्यंत करत राहतो. मुली कंटाळतात, तरी करतो.

आता तुमच्या शॉपवरची तीन वाजताचा शिफ्ट बदल डोळ्यांसमोर आणा. पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर पावणेतीनलाच हात धुवायला गेलेला असतो, कारण बस चुकवायची नसते. दुसऱ्या शिफ्टचा माणूस तीनला पंच करतो, बूट बदलतो आणि मशीनपाशी येतो तेव्हा तिथे कोणी नसतं. लॉगबुकात लिहिलेलं असतं ‘मशीन ओके’. दुपारी ऑफसेट बदलला होता का, इन्सर्ट किती पीस चाललंय, कूलंट कमी येतंय का, काही कळत नाही. तो सुरुवात करतो आणि पहिले काही पीस मापाबाहेर जातात. रिजेक्शन कोणाच्या नावावर टाकायचं यावरून दोन्ही शिफ्टमध्ये भांडण. क्वालिटीत असताना मी पाहिलेली बरीच रिजेक्शनं या सांध्यावरची होती. दोन्ही ऑपरेटर कसबी होते, खो नीट दिला गेला नव्हता.

चार बाय शंभरच्या रिलेतही हेच आहे. बॅटन देण्याघेण्यासाठी तीस मीटरचा पट्टा असतो आणि घेणारा त्यात उभा राहून वाट बघत नाही. देणारा ठरलेल्या खुणेवर आला की तो धावायला लागतो, म्हणजे बॅटन हातात पडते तेव्हा दोघंही वेगात असतात. चार उत्तम धावपटू असलेले संघ बॅटन पडल्यामुळे बाद होतात, ते या पट्ट्यात. तुमच्या शॉपवर असा पट्टा दहा मिनिटांचा ठेवा, आणि त्या वेळात मशीन चालूच राहू द्या. जाणारा आणि येणारा दोघं मशीनपाशी उभे. शेवटचा पीस दोघांनी एकाच मायक्रोमीटरने मोजायचा आणि माप मोठ्याने म्हणायचं. मग जाणाऱ्याने सांगायचं, आज काय बदललं, कशावर लक्ष ठेवायचं. लॉगबुकात सही येणाऱ्याची. तुम्ही तिथे हजर राहायचं, मध्ये बोलायचं नाही. दहा मिनिटांच्या पगाराचा प्रश्न निघेल आणि तो रास्त आहे, कामगाराने ती वेळ फुकट का द्यावी? मॅनेजरकडे जाताना मागच्या महिन्यातलं शिफ्टच्या पहिल्या तासातलं रिजेक्शन वेगळं काढून न्या. तो आकडा तुमची बाजू मांडेल.

वयाने मोठ्या माणसांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२० च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघाचा कर्णधार होता. वय पंचवीस. संघात पन्नाशीचा विश्वनाथन आनंद, पाच वेळचा विश्वविजेता. कोनेरू हंपी, हरिका, हरिकृष्ण हे सगळे त्याच्याहून ज्येष्ठ. प्रत्येक लढतीत सहा पट असत, त्यात महिला आणि वीस वर्षांखालचे खेळाडूही, म्हणजे कोणाला उतरवायचं आणि कोणाला बसवायचं हा प्रश्न दर फेरीला. भारत आणि रशिया संयुक्त विजेते ठरले. पंचवीस वर्षांचा मुलगा आनंदला चाली शिकवायला गेला नसणार हे उघड आहे. कर्णधाराने बघायचं ते वेगळं असतं: कोण थकलंय, समोर कोण येणार, कुठला पट कोणाला द्यायचा. तुमच्या शॉपवरच्या काकांना टर्निंग, म्हणजे लेथवरचं काम, तुमच्याहून जास्त कळतं, ते कळू द्या. त्यांना विचारा, नव्या ट्रेनीला कोणत्या मशीनवर बसवू? आणि त्यांचं उत्तर खरोखर अमलात आणा. नुसता मान देण्यापुरतं विचारलं तर त्यांना लगेच कळतं.

कोणाची चूक झाली की काय बोलावं, यासाठी मी एकच प्रसंग सांगते. डिसेंबर २०२०, ऑस्ट्रेलियाचा दौरा. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला, कोहली घरी परतला आणि मेलबर्नला कर्णधारपद अजिंक्य रहाणेकडे आलं. रहाणे आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यात जन्मलेला. तो शतक करून ११२ वर खेळत असताना रवींद्र जडेजाच्या अर्धशतकाची एक धाव बाकी होती. घाईची धाव घेतली गेली आणि रहाणे धावचीत झाला. परतताना तो जडेजाकडे गेला, त्याला थोपटलं आणि खेळत राहा म्हणून सांगून तंबूत आला. जडेजाने ५७ केल्या, भारत तो कसोटी सामना आठ गडी राखून जिंकला. समजा, रहाणेने तिथे नुसती बॅट आपटली असती, तर पुढचा तासभर जडेजा कोणत्या मनाने खेळला असता? शॉपवर कोणाच्या हातून जॉब बिघडला की तुमचा पहिला शब्द सगळ्या लाइनला ऐकू जातो. त्यावरून ठरतं की पुढचा बिघडलेला पीस तुमच्या टेबलावर येईल की स्क्रॅपच्या पेटीत तळाशी जाईल. कारण शोधायचं, नोंद करायची, पण त्या क्षणी माणसाला पुन्हा मशीनवर उभा करायचा.

त्याच दौऱ्यात ब्रिस्बेनला भारताचे मुख्य गोलंदाज जवळजवळ सगळे जायबंदी होते. नेटमध्ये गोलंदाजी करायला थांबवून घेतलेले नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर थेट कसोटी पदार्पण करत उतरले. पहिल्या डावात १८६ वर सहा गडी बाद असताना सुंदर आणि शार्दूल ठाकूर यांनी सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या, आणि पुढे ३२८ चं लक्ष्य भारताने तीन गडी राखून गाठलं. राखीव माणूस तयार असणं म्हणजे हे. तुमच्या शॉपच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कोणती मशीन चालवता येते याचा तक्ता असेल, बहुधा ऑडिटच्या आधी भरलेला. तो खरा भरा. प्रत्येक मशीनसमोर विचारा: हा माणूस उद्या गावाकडे गेला, द्राक्षाची छाटणी निघाली, तर इथे कोण? जिथे उत्तर नाही तिथे आठवड्यातून दोन तास दुसऱ्याला उभा करा, काम निवांत असताना. नाशिकमध्ये बऱ्याच ऑपरेटरांची घरं शेतीची आहेत. त्यांची सुट्टी कधी पडणार हे हंगामावरून आधीच कळतं, अचानक काही होत नाही.

दत्तू भोकनळचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा रोइंगपटू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत बसून त्याने सुवर्ण जिंकलं. त्या नावेत सगळ्यांची पाठ शर्यतीच्या दिशेला असते. समोर दिसते ती पुढच्या साथीदाराची पाठ, आणि वल्हं त्याच्या लयीत पडावं लागतं. एकाने जास्त जोर लावून लय सोडली की नाव डुगडुगते आणि वेग उलट कमी होतो. तुमच्या लाइनवरही एखादा असतो, भराभर पीस काढणारा, आणि त्याचा माल पुढे ग्राइंडिंगपाशी ट्रेमध्ये साचत राहतो. शाबासकी त्याला मिळते. खरं तर ग्राइंडिंगच्या चालीने सगळ्यांनी चालायला हवं, आणि त्या वेगवान गड्याचा मोकळा वेळ ग्राइंडिंगवाल्याच्या मदतीला द्यायला हवा. ही लय लावणं तुमचं काम आहे, कारण लाइन एकदम पाहणारे तुम्ही एकटेच.

विश्रांतीबद्दल थोडक्यात. सावरपाड्याची कविता राऊत याच शहरात सराव करून २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवून आली. लांब पल्ल्याच्या धावपटूचा कोच तिला रोज शर्यतीच्या वेगाने पळवत नाही. कठीण दिवसानंतर हलका दिवस ठरलेला असतो, आणि हलक्या दिवशी कोणी जोरात पळालं तर कोच रागावतो. आपल्याकडे पहिले दोन आठवडे निवांत आणि महिनाअखेरीला डबल शिफ्ट. दमलेल्या माणसाचं रिजेक्शन पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परत येतं.

खेळ जिथे दिशाभूल करतो तेही सांगायला हवं, कारण शिबिरात ते कोणी सांगणार नाही. मैदानावर समोर प्रतिस्पर्धी असतो. शॉपवर तसा कोणी नसतो, म्हणून हौशी सुपरवायझर तो तयार करतात: पहिली शिफ्ट विरुद्ध दुसरी, फलकावर रोजचे आकडे, जिंकणाऱ्याला बक्षीस. पंधरा दिवस उत्पादन वाढतं. मग सेटिंगचे बारकावे एकमेकांपासून लपायला लागतात, शिफ्ट संपताना चिप (धातूचा कीस) न काढताच मशीन सोडली जाते, झिजलेलं इन्सर्ट तसंच पुढच्याच्या माथी मारलं जातं. कागदावर जिंकणारी शिफ्ट आणि कंपनीचं नुकसान, दोन्ही एकदम. दोन्ही शिफ्ट एकाच संघाच्या आहेत. आकडा लावायचाच तर दोन्हींचा मिळून लावा. दुसरं म्हणजे, खेळाडू स्वतःच्या आवडीने मैदानात येतो, शिट्टी वाजली की घरी जातो. तुमचा कंत्राटी हेल्पर पोटासाठी येतो, आणि त्याच्यासाठी शेवटची शिट्टी नाही. ‘संघासाठी जीव तोडून’ ही भाषा त्याच्यापुढे वापरू नका. त्याला वेळेवर सुट्टी, हातमोजे आणि काम शिकवणारा माणूस द्या.

इगतपुरीला जरूर जा. डोंगरात दोन दिवस मिळतील, इतर खात्यांचे सुपरवायझर ओळखीचे होतील, तेवढ्यासाठीही जावं. प्रत्येक खेळ संपला की शिक्षकाला विचारा, हेच पुन्हा एकदा खेळू द्याल का? पहिल्या वेळी सगळे गडबडतात आणि हसतात. दुसऱ्या वेळी माणसं थांबून ठरवतात, कोण कुठे उभं राहणार, आवाज कोण देणार. त्या दोन खेपांमधलं बोलणं कान देऊन ऐका. शक्य असेल तर मध्ये स्वतः काही न सुचवता.

क्रिकेट स्पर्धेत कॅप्टन होऊ नका. टर्निंगवरच्या एखाद्या जुन्या माणसाला करा, ज्याचं ऐकून पोरं जागा बदलतात. तुम्ही संघाचं व्यवस्थापन घ्या: मैदान, किट, पाणी, कोण कोणत्या रविवारी येऊ शकतो. खेळायला बोलावलं तर खेळा, नाहीतर स्कोअर लिहा. संघाची यादी बोर्डावर लावाल तेव्हा राखीव दोघांची नावं आधीच लिहा, आणि ज्यांची त्या दिवशी दुसरी शिफ्ट आहे त्यांच्या जागी मशीनवर कोण उभं राहणार, तेही त्याच कागदावर, त्या माणसाला विचारून मगच.